अंगठा

मराठी माणसानं अंगठ्याला कधी फारसा मान दिलेला नाही. ज्याला सही येत नाही तो अंगठेबहाद्दर, आणि ऐन वेळी पाठ फिरवतो तो अंगठा दाखवतो. पण २००९ साली फेसबुकनं 'लाइक'चं बटण काढलं आणि हाच अंगठा एकदम प्रेमाची खूण होऊन बसला.

माझ्या एका शाळासोबत्याची बायपास झाली. "सुखरूप घरी आलो," असं त्यानं मोबाइलवरून सगळ्यांना कळवलं. मी तत्परतेनं अंगठा पाठवला. वर जोडलेल्या हातांचं चित्रही पाठवलं. झालं! भेटून आल्याचं समाधान मिळालं. त्याचं घर आमच्यापासून पायी दहा मिनिटांवर!

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, "अंगठा दाखवलास ना लेका!" मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर चहा गोड लागेना.

अशा वेळी माणूस तत्त्वज्ञानाकडे वळतो. दहा मिनिटं चालण्यापेक्षा ते सोपं. ॲरिस्टॉटलनं मैत्रीचे तीन प्रकार सांगितलेत : उपयोगाची, मौजेची आणि चांगुलपणाची. पहिल्या दोन कारण सरलं की सरतात. तिसरीला मात्र काळ आणि सहवास लागतो. एकत्र बसून मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, ही म्हण त्यानंही दिलीय. म्हणजे खाल्ल्या मिठाची महती ग्रीसलाही ठाऊक होती! शिवाय अशी मैत्री पुष्कळांशी जमत नाही, असंही तो म्हणतो. फेसबुक मात्र ५,००० मित्र करू देतं. एवढ्या घरचं मीठ खाल्लं तर बायपास माझीच व्हायची!

ॲरिस्टॉटलला असा चव्हाटा बांधायला दिला असता, तर आजारपणाच्या बातमीखाली त्यानं अंगठा ठेवलाच नसता. तिथं "कधी जाताय?" एवढंच विचारलं असतं. म्हटलं तर दोन्ही बटणंच. पण एक कर्तव्य संपवतं, दुसरं सुरू करतं. बांधणाऱ्यानं यातलं कुठलं ठेवावं, हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, नीतीचा आहे.

हे सगळं मी सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, "बटण त्यांनी ठेवलं, दाबलं कोणी? उठा, चपला घाला."

गेलो. वहिनींनी पानं मांडली. मित्राचं मीठ डॉक्टरांनी तोडलेलं, म्हणून मीही त्याच्यातलीच खिचडी मागून घेतली. दोन तास कसे गेले, कळलं नाही.

ॲरिस्टॉटलच्या हिशेबात ते जेवण बसेल की नाही, देव जाणे. मला काही ती खिचडी अळणी लागली नाही.