हे धोंडे काय सांगतात?

(वाचावयाचा शास्त्रभाग : यहोशवा ४:१-९)



यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणविले. पुढे मुलांनी विचारावे आणि वडिलांनी सांगावे, हा त्याचा हेतू. धोंडा मुका असतो. त्याच्या वतीने बोलणारा साक्षीदार लागतो. ते धोंडे सुटकेची आठवण देत होते. पण शास्त्रात रक्ताचीही आठवण आहे. हाबेलाच्या रक्ताची हाक देवाने ऐकली. देव जे ऐकतो, ते त्याच्या मंडळीने ऐकू नये काय?

आमच्या ग्वाल्हेरीत फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. राणीचा पराक्रम मुलांना पाठ असतो. झाशीच्या सामान्य रहिवाशांचे काय झाले हे थोड्यांनाच ठाऊक असते. ते आपल्याला सांगितले एका मराठी भिक्षुकाने. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली ग्वाल्हेरकडे निघाले आणि पुढे झाशीत अडकले. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांचे सैन्य शहरात शिरले. घरोघरची लूट, निःशस्त्रांची कत्तल, हलवाईपुऱ्याची आग हे सर्व भोगून भटजी वाचले. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ते लिहून काढले. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला.

दुसरी साक्ष ग्वाल्हेरचीच. १४ जून १८५७ रोजी, रविवारी, येथील छावणीत बंड झाले आणि त्यात चॅप्लेन कूपलंड मारले गेले. त्यांची पत्नी आग्र्यास पोहोचली व १८५९ साली तिने आपली हकीकत प्रसिद्ध केली. तिचे दुःख खरे आहे. परंतु दिल्ली जमीनदोस्त केली नाही, याचाही तिला खेद वाटला. झाशीच्या झोकनबागेत ८ जून १८५७ रोजी सुमारे साठ युरोपियन, मुलाबाळांसह, मारले गेले होते. पुढच्या वर्षी त्याचा सूड निरपराध रहिवाशांवर उगवला.

पाद्रीसाहेबांच्या विधवेची साक्ष मंडळीला सहज पटते. भटजींची साक्ष जड जाते, कारण तेथे मारणारे ख्रिस्ताचे नाव घेणारे होते. म्हणूनच ती आपण आधी ऐकली पाहिजे. केवळ आपल्याच जखमा मोजणारी आठवण सूड शिकविते. दुसऱ्याची जखम ऐकणारी आठवण पश्चात्ताप शिकविते.

दुसऱ्या महायुद्धात साठ लाख यहूदी मारले गेले. झाशीची तुलना त्या वंशसंहाराशी होणार नाही. परंतु साक्षीची गरज तीच. यरुशलेमेत १९५३ साली स्थापन झालेल्या स्मारकाचे ‘याद वाशेम’ हे नाव यशयाच्या ५६ व्या अध्यायातून घेतले आहे. त्याचा अर्थ स्मारक आणि नाव. मारणारा देहाबरोबर नावही पुसू पाहतो. वाचलेला मनुष्य ते नाव परत आणतो. असे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वस्तीत १९४७ ची फाळणी किंवा त्यानंतरच्या दंगली सोसलेले कोणी वृद्ध असतील, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. ते बोलण्यास राजी असतील तर त्यांच्यापाशी बसा. पदरचे काही न घालता ऐका आणि लिहून ठेवा. मुलांना ते सांगताना कोणा जातीचा वा धर्माचा द्वेष शिकवू नका. मनुष्याचे पाप आणि देवाचा न्याय शिकवा. उद्या मुले विचारतील तेव्हा आपण मुके राहू नये, एवढी कृपा प्रभू आपणांस देवो.