पेरण्याचा स्तंभ आणि माझी नजर

शिरूरहून पुण्याला जाताना कोरेगाव भीमा मागं पडतं, भीमेचा पूल लागतो आणि पेरण्याच्या हद्दीत विजयस्तंभ दिसतो. आम्ही शिरूरकर तो पाहतच मोठे झालो. रांजणगावला महागणपतीपुढं माझे हात आपसूक जोडले जातात. वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीपाशी गळा दाटून येतो. स्तंभ आला की मात्र नजर पुढच्या वाहतूक कोंडीकडं का वळते, हे मला स्वतःला विचारायचं आहे.

कंपनी सरकारनं १८२१ मध्ये हा स्तंभ उभारायला घेतला, तो स्वतःच्या विजयाची द्वाही फिरवायला. ३१ डिसेंबर १८१७ ला कॅप्टन स्टाँटनची पलटण निघाली ती आमच्या शिरूरच्या छावणीतूनच. दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी ती दिवसभर लढली. कंपनीकडून पडलेल्या ४९ जणांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यांतल्या २२ नावांना शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमानही आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले. ज्यांची सावलीही गावाला नको होती त्यांची नावं दगडावर आहेत, ती पाहायला तेव्हापासून माणसं येत राहिली. कंपनीचा डौल कधीच मागं पडला.

ती नावं वाचायला लागलो की माझं मन आधी जात शोधतं. हा आपल्यातला, तो त्यांच्यातला. मेलेल्या शिपायापुढं उभं राहूनही हिशोब चालूच असतो. मग दुसरा आवाज उठतो : ही लढाई कंपनीची होती, हिच्यातून आपलं राज्य बुडालं. राज्य बुडालं हे खरंच आहे. पण ज्या गावगाड्यानं या माणसांना वेशीबाहेर ठेवलं, तो माझ्याच वाडवडिलांनी हाकला. राज्य बुडाल्याचं जेवढं वाईट वाटतं, तेवढं त्या वेशीचं वाटतं का? खरं सांगायचं तर नाही वाटत. आणि पेशव्यांकडून पडलेले अरब, गोसावी, मराठे? त्यांची नावं इथं कुणी कोरली नाहीत, पण मीही ती कधी कुणाला विचारली नाहीत. म्हणजे माझ्या अभिमानातही माणसं नव्हतीच, नुसता झेंडा होता.

१ जानेवारीला स्तंभाकडं येणाऱ्यांच्या गर्दीमुळं नगरकडून येणारी जड वाहनं शिरूरहून न्हावरा, केडगाव चौफुला, यवत अशी दौंड तालुक्यातून वळवतात. आमच्याकडं त्या दिवसाचं बोलणं बहुतेक एवढ्यावरच थांबतं : रस्ता बंद, फेरा पडला. त्याच यवतला तुकोबांची पालखी मुक्कामी येते. भैरवनाथाच्या देवळात कढयांमधून पिठलं शिजतं, घराघरांतून भाकऱ्या येतात, आणि वारकऱ्याच्या हातावर भाकरी ठेवताना कुणी त्याची जात विचारत नाही. रस्ते तेव्हाही वळवतात. ते आम्ही कौतुकानं सोसतो. दोन्हीकडची माणसं चालत येतात ती श्रद्धेनंच, मग एका फेऱ्याचं पुण्य आणि दुसऱ्याचा वैताग, हा भेद रस्त्यानं केला नाही. तो माझा आहे.

लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, १ जानेवारी २०१८ ला, याच रस्त्यावर दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, सणसवाडीत एका तरुणाचा जीव गेला. दगड न उचलणाऱ्यांत मी होतो, एवढ्यानं आतला आवाज गप्प बसत नाही. हात दगड उचलतात, त्याच्या किती तरी आधी मनं दोन बाजूंना उभी राहिलेली असतात, आणि माझंही एका बाजूला उभं होतंच.

शिरूर-दौंडच्या माझ्या माणसांनो, १ जानेवारीच्या बंदोबस्तात जमत नसेल तर एरवीच्या एखाद्या साध्या दिवशी पेरण्याला गाडी बाजूला घ्या. एकूण ४९ नावं आहेत. सगळी सावकाश वाचली तरी पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.