काच धुण्याचा द्रव : पाक आणि निर्धोक

मोटारीच्या पुढच्या काचेवर फवारण्यासाठी बाजारात जो निळा द्रव मिळतो, त्यात अल्कोहोल असते असे म्हणतात. मग तो वापरणे जायज आहे काय? तो कपड्यांवर उडाला तर त्याच कपड्यांत नमाज होते काय? हे प्रश्न आता मशिदींतून विचारले जाऊ लागले आहेत. काहींना ते हास्यास्पद वाटतात. मला वाटत नाहीत. दैनंदिन वापराची क्षुल्लक वस्तू हाती घेतानाही ज्याला हलाल-हराम आठवते, त्याचा प्रश्न आदराने ऐकला पाहिजे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. मात्र वाचकहो, याच द्रवाविषयी दुसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारत नाही. शरीअतच्या तराजूत तो पहिल्यापेक्षा जड भरतो.

द्राक्षाच्या कच्च्या रसापासून आंबवलेली दारू, म्हणजे खम्र, नापाक आहे, यावर चारही मजहब सहमत आहेत. मतभेद आहे तो इतर पदार्थांपासून बनणाऱ्या मद्यार्काविषयी. इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते द्राक्ष आणि खजूर यांखेरीज अन्य वस्तूंपासून बनलेल्या मद्यार्काला खम्रचा हुकूम जसाच्या तसा लागू होत नाही. याच आधारावर आपल्या उपखंडातील अनेक हनफी मुफ्तींनी औषधे, अत्तरे आणि शाई यांतील अल्कोहोलला सवलत दिली आहे. काच धुण्याच्या द्रवात जी अल्कोहोले वापरली जातात, त्यांचा उगम पाहा. मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून अथवा कोळशापासून तयार होते, आयसोप्रोपिल अल्कोहोल खनिज तेलातून निघणाऱ्या रसायनांपासून, आणि आपल्या देशातील इथेनॉल प्रामुख्याने उसापासून व धान्यापासून. द्राक्षाचा वा खजुराचा संबंध कोठेच येत नाही. तेव्हा हनफी वाचकाने कपड्यांवर उडालेल्या थेंबांची धास्ती घेण्याचे कारण नाही.

शाफिई मजहबात नियम अधिक कडक आहे. नशा आणणारा प्रत्येक द्रव तेथे नापाक गणला जातो. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफिई आहेत. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावेच, पण त्यांच्यासाठी एक सोपी वाटही आहे. या द्रवात अल्कोहोल घालण्याचे मुख्य कारण हे की, थंड प्रदेशात टाकीतले पाणी गोठू नये. रत्नागिरीत काय किंवा बीडमध्ये काय, पाणी गोठण्याची वेळ येत नाही. केवळ साफ करणारे घटक असलेला द्रव किंवा पाण्यात विरघळणारी गोळी आपल्या हवेला पुरते. जेथे गरज नाही तेथे संशयास्पद वस्तू घ्यावीच कशाला?

येथपर्यंत पहिला प्रश्न संपला. आता जरा थांबून या उत्तरातली एक विसंगती पाहा.

मिथेनॉल हे द्राक्षाचे नाही, खजुराचे नाही, ते पेयही नाही. पाकीच्या निकषावर ते फारशी अडचण न येता उत्तीर्ण होते. आणि तेच या सर्व अल्कोहोलांमध्ये सर्वांत घातक आहे. ते पोटात गेले की शरीर त्याचे रूपांतर प्रथम फॉर्मल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक ॲसिडमध्ये करते. हे ॲसिड डोळ्यांच्या नसा जाळते, रक्तातील आम्लता वाढवते. माणूस आंधळा होतो किंवा मरतो. मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती या मिथेनॉलमुळेच. वासावरून वा चवीवरून ते ओळखता येत नाही. कॅनडासारख्या देशात उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारा जो निळा द्रव पेट्रोल पंपांवर सर्रास मिळतो, त्यातही बहुधा मिथेनॉलच असते. युरोपीय संघाने मात्र २०१८ मध्ये नियम करून, सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या अशा द्रवातील मिथेनॉलचे प्रमाण ०.६ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे बंधन घातले. ज्यांची मुले-सुना परदेशात स्थायिक आहेत त्यांनी फोनवर खुशाली विचारताना, ती बाटली घरात कोठे ठेवली आहे, हेही एकदा विचारावे.

कारण ती बाटली शरबतासारखी दिसते. निळा रंग, गोड सुगंध. आपल्या घरांत तर मोठ्या डब्यातला द्रव थोडा थोडा काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरण्याची सवय आहे, आणि ती बाटली मोटारीत, मुलांच्या हाताशी, तहानेच्या दिवसांत पडलेली असते. काही जण इंजिन थंड ठेवण्याचा कूलंटच काचेच्या टाकीत ओततात. त्यातील एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करते. शिवाय काचेवर त्याचा तेलकट थर बसतो तो वेगळाच. बॉनेट उघडल्यावर ज्या झाकणावर काच आणि कारंज्याचे चिन्ह असते तीच टाकी काच धुण्याची, एवढे घरातील प्रत्येक चालकाला दाखवून ठेवावे.

म्हणजे, वाचकहो, केवळ ‘पाक आहे का?’ ही एकच गाळणी लावली तर जो पदार्थ सर्वांत आधी अडायला हवा तोच निसटून पुढे जातो. दोष शरीअतचा नाही. तिच्याकडून आपण एकच प्रश्न उसना घेतला, त्याचा आहे. इमाम गझाली (रह.) यांनी ‘अल-मुस्तस्फा’मध्ये शरीअतची जी पाच उद्दिष्टे सांगितली, त्यांत दीनपाठोपाठ जीविताचे रक्षण येते. तहारत हा फिकहच्या ग्रंथांतला पहिला अध्याय आहे, हे खरे. पण पुढचे अध्यायही त्याच ग्रंथांत आहेत.

त्या पुढच्या अध्यायांतला एक येथे उघडू या. चुकून झालेल्या हत्येचे, म्हणजे कत्ले-खताचे, उदाहरण देताना फुकहा एका शिकाऱ्याचा प्रसंग मांडतात. दूरवर काहीतरी हालताना दिसते, शिकार समजून तो बाण सोडतो, आणि तो बाण माणसाला लागतो. हेतू नव्हता, वैर नव्हते. म्हणून किसास नाही. तरीही मृताच्या वारसांना दियत द्यावी लागते, आणि त्याखेरीज कफ्फारा आहे : आजच्या काळात सलग दोन महिन्यांचे रोजे. हेतूच नव्हता तर कफ्फारा कशाचा? हनफी फुकहांचे उत्तर असे की, हत्येचे पाप त्याच्यावर नाही, पण पुरेशी दक्षता न घेण्याचे ओझे त्याच्यावर आहे. त्याने नीट पाहिले नाही.

आधुनिक काळातील अनेक आलिम मोटारीच्या अपघातांचा विचार याच अध्यायाखाली करतात, आणि तो शिकारी मला धुळीने माखलेल्या काचेमागे बसलेला दिसतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोरच्या ट्रकने चिखल उडवला, वायपर फिरवला, टाकीत द्रव नसल्याने चिखलाचा अर्धवर्तुळाकार लेप झाला. तो निवळेपर्यंत दोन सेकंद गेले तर ३३ मीटरचे अंतर आपण न पाहता कापले. त्या ३३ मीटरांत शाळा सुटलेली असू शकते. अपघातानंतर ‘तकदीर’ हा शब्द आपल्या ओठांवर फार लवकर येतो. तकदीरवर ईमान आहेच. पण उंट आधी बांधायला सांगणारी हदीसही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

उसूले-फिकहचा एक नियम मदरशात पहिल्या काही वर्षांतच शिकवतात : जे साधन नसेल तर कर्तव्य पार पडतच नाही, त्या साधनाला कर्तव्याचाच दर्जा येतो. रस्त्यावरच्या माणसाचा जीव आपल्या हातून जाऊ नये, हे कर्तव्य. स्वच्छ दिसणे, हे त्याचे साधन. आणि स्वच्छ दिसण्याचे साधन बॉनेटखालच्या दोन-तीन लिटरच्या टाकीत आहे. त्यामुळे ती भरलेली ठेवणे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब उरत नाही.

‘मग नळाचे पाणी भरले की झाले,’ असे कोणी म्हणेल. इस्राफ टाळावा ही शिकवण आपल्या अंगवळणी पडलेली असल्याने हा विचार मनात येणे साहजिक आहे. पण बोअरच्या जड पाण्यातील क्षार काचेवर पांढरे डाग सोडतात आणि फवाऱ्याची सुईसारखी छिद्रे बुजवतात. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून काही जण तेच टाकीत भरतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते पाणी फरशीला द्यावे, काचेला नव्हे. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण घातला तर फेस होतो, वाळल्यावर पातळ पापुद्रा उरतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्याचा उजेड त्या पापुद्र्यावर फाकून सारी काच पांढरी होते. रॉकेल घालणारे महाभागही आहेत. त्याने वायपरचे रबर खराब होते. नुसत्या साध्या पाण्याचा आणखी एक धोका इंग्लंड आणि वेल्समधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवला : साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लीजनेला नावाचे जंतू वाढतात, फवाऱ्यातून श्वासात जातात, आणि त्यांमुळे एका जातीचा न्यूमोनिया होतो. टाकीत योग्य द्रव मिसळलेला असणाऱ्या चालकांमध्ये तो धोका कमी आढळला.

तेव्हा निवड फार अवघड नाही. ज्या बाटलीवर घटक छापलेले आहेत, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आहे, मिथेनॉल नाही असे स्पष्ट लिहिले आहे, ती घ्यावी. सांगितलेल्या प्रमाणातच, शक्यतो क्षार काढलेल्या पाण्यात मिसळावी. जास्त घातल्याने काच जास्त स्वच्छ होत नाही. मूळ बाटलीतच, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

येथे मला आपल्या समाजातील दुकानदारांशी दोन शब्द बोलायचे आहेत. स्पेअर पार्टची दुकाने आणि गॅरेजे हा आपल्या कितीतरी कुटुंबांचा हलाल रोजगार आहे. त्याच धंद्यात निळा रंग कालवलेले पाणी सुट्या डब्यातून ‘वॉशर’ म्हणून विकले जाते, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ती हदीस मी पुन्हा सांगत नाही, तुम्ही ती माझ्याच पाठीमागे बसून ऐकली आहे. एवढेच विचारतो की, त्या ढिगात वरचे धान्य निदान धान्य तरी होते. ज्या डब्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही, त्याचा सौदा कोणत्या नावाने वैध ठरवायचा? भेसळीच्या धान्याने फसतो तो गिऱ्हाईक. या डब्याने फसणारा कदाचित गिऱ्हाईक नसेलच, तो रस्ता ओलांडणारा कोणी अनोळखी असेल. त्याच्याकडून माफी मागून घेण्याची सोयही नाही.

आणि मालकांशी एक. टॅक्सी, टेम्पो, शाळेची गाडी चालवायला देणारे पुष्कळ जण डिझेलचा हिशेब लिटरमागे घेतात, पण काचेच्या द्रवाचे पैसे चालकाने स्वतःच्या खिशातून घालावेत अशी त्यांची अपेक्षा असते. दिवसाच्या कमाईवर घर चालवणारा माणूस ते घालणार नाही, आणि त्याला दोष देणेही कठीण आहे. गाडी तुमची, भाडे तुमचे, तर तिची काचही तुमच्याच जबाबदारीत येते. माझ्या मते वायपरचे रबर आणि हा द्रव यांचा खर्च करारातच, डिझेलच्या ओळीखाली, लिहिला पाहिजे.

रमजानमध्ये या गोष्टीला धार येते. असरनंतर कामावरून निघालेला रोजेदार इफ्तारपूर्वी घरी पोहोचण्याची घाई करतो. रस्ता पश्चिमेला जात असेल तर मावळता सूर्य नेमका समोर असतो, आणि काचेवरचा प्रत्येक ओरखडा, साबणाचा प्रत्येक पापुद्रा त्या प्रकाशात पेटून उठतो. शरीर थकलेले, घसा कोरडा. म्हणून शाबानमध्येच, घरात खजूर आणि सरबताची यादी होते तेव्हा, टाकी रिकामी करून धुवावी, नवा द्रव भरावा आणि वायपरचे रबर कडक झाले असल्यास बदलावे. काचेच्या आतल्या बाजूला जो धुरकट थर बसतो त्यावर फवाऱ्याचा उपयोग नाही. तो ओल्या सुती कापडाने पुसावा लागतो, आणि ते काम घरातील मोठ्या मुलांवर सोपवता येते.