रोहिणीतलं आभाळ

बसा.

जालना जिल्ह्यातल्या राजूरच्या आसपास, कुठल्याही बांधावर. रोहिणी लागली आहे. दुपारचे तीन वाजून गेलेत. वावर नांगरून झालं, वखराची पाळी झाली, धसकटं वेचून झाली. काळी माती उघडी पडून तापते आहे.

आता हातांना काम नाही. डोळ्यांना आहे.

आधी श्वास. आत येणारा श्वास गरम आहे, नाकाला कोरडा लागतो. बाहेर जाणारा किंचित ओला आहे. एवढंच ध्यानात घ्या.

पुन्हा एकदा. सावकाश.

आता उत्तरेला बघा. भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगरांची रांग आहे. उन्हाच्या धुरकटपणात ती आहे-नाही अशी दिसते. नजर तिच्या कडेवरून चालू द्या. चढ आला की चढा, खिंड आली की उतरा.

मग दक्षिणेकडे वळा. इकडे जमीन उतरत जाते. दुधना नदी ओलांडते, अंबड-घनसावंगीच्या सपाटीवर पसरते आणि गोदावरीपाशी टेकते.

वर डोंगर, खाली सपाटी. आभाळ दोन्हींवर एकच आहे, पण ते दोन्हींशी सारखं वागत नाही.

डोंगराच्या उतारावरची हवा तापते, उताराच्या अंगानं वर सरकते. वर गेली की गार होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. म्हणून दुपारचा पहिला ढग पुष्कळदा डोंगराच्या माथ्यावर धरतो.

त्याला शोधा.

सापडला की दुसरीकडे जाऊ नका. त्या एका ढगापाशी राहा.

वरून तो पांढरा आहे आणि वाढतो आहे. वाढताना दिसत नाही. डोळे मिटा, पाच श्वास घ्या, उघडा. आता दिसेल.

त्याचं बूड सपाट आहे. काळसर होत चाललं आहे.

बघत राहा.

खिशातल्या मोबाईलवर अंदाज आलेला असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचं पत्रक निघतं. पुढच्या पाच दिवसांचं. ‘तुरळक ठिकाणी वादळी वारा, मेघगर्जना, हलका पाऊस’, असं त्यात असतं. हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे फार तर चौथाई ठिकाणं. आपलं शिवार त्या चौथाईत आहे का, ते पत्रकात नसतं. ते सांगायला इथं बसलेला माणूस लागतो.

मला त्या पत्रकाबद्दल आदर आहे. वाचावं. वाचून झाल्यावर मोबाईल उपडा ठेवावा आणि वर बघावं.

वर बघा.

ढगाच्या बुडाखाली एक करडी पट्टी लोंबते आहे. पाऊस आहे तो. वरून निघाला आहे. पण डोंगर आणि ढग यांच्यामधली हवा इतकी सुकी आहे की थेंब वाटेतच विरतात. पट्टी खाली येते, फिकी होते, संपते.

जमिनीवर काही पडत नाही.

या पट्टीपाशी थांबा. घाई करू नका. न पोचलेला पाऊस बघणं सोपं नाही, विशेषतः ज्यांनी २०१२-१३चा दुष्काळ बघितला आहे त्यांना. मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवल्या आणि तरी त्या वाळल्या. हातानं लावलेली झाडं लोकांनी हातानं तोडली. आधीच्या पिढीच्या मनात १९७२ आहे. ते सगळं आत्ता छातीत हललं तर हलू द्या. त्याला खाली दाबू नका. त्याच्याबरोबर एक लांब श्वास घ्या.

सोडा.

पट्टी अजून तिथेच आहे.

हा खरा पावसाळा नाही. तो अजून लांब, समुद्रावर आहे. केरळात तो साधारण १ जूनला टेकतो. २०२५ साली २४ मेलाच टेकला होता. तिथून वर येतो, सह्याद्रीवर चढतो आणि आपलं बहुतेक ओझं तिथंच उतरवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. घाट उतरून, पठार ओलांडून जालन्याला येईपर्यंत सातशेच्या आसपास उरतो.

त्या सातशेवर कपाशी, सोयाबीन, तूर, मोसंबी. त्यावर दावणीची जनावरं. त्यावर लेकरांच्या शाळा आणि लग्नं.

थोडं थांबा. हा आकडा अंगात उतरू द्या.

आता कान उघडा.

लांब कुठंतरी पावशा ओरडतो आहे. त्याच्या हाकेत लोकांना ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. पक्षी त्याच्या विणीच्या दिवसांत ओरडतो. आपल्याला पेरणी आठवते. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत.

ती हाक ऐका, पण उठू नका. मृग ७-८ जूनला निघेल. एखादी जोरदार सर येईल, वास सुटेल, हात शिवशिवतील. तरीही पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाईपर्यंत पेरू नये, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. दुबार पेरणीनं मोडलेली घरं या जिल्ह्यात थोडी नाहीत. म्हणून ही बसण्याची सवय आजच लावून घ्या. बियाण्याची पिशवी शिवलेलीच राहू द्या.

श्वास घ्या.

काहीतरी बदललं.

गालावर आलं का? गार आहे. विरलेल्या थेंबांनी वरची हवा गार झाली, जड झाली, खाली कोसळली आणि डोंगराच्या पायथ्यापासून चारी दिशांना पळत सुटली. पाऊस पोचला नाही, पण त्याचा गारवा पोचला. पाठोपाठ धुरळा येतो आहे. तोंडावर रुमाल घ्या, पण डोळे किलकिले ठेवा.

अंगावरचा घाम सुकतो आहे. तो सुकताना जाणवू द्या.

ढग आता पांढरा राहिलेला नाही. सरकत अलीकडे आला आहे.

वीज चमकते.

मोजायला लागा. मनातल्या मनात, श्वासाच्या लयीत न जाता, घड्याळाच्या चालीनं. एक. दोन. तीन. गडगडाट कानावर येईपर्यंत मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर.

पहिल्या वेळी चाळीस होतात. ढग तेरा किलोमीटरवर आहे.

पुन्हा चमकते. पुन्हा मोजा.

तीस भरायच्या आत आवाज आला की बसणं संपलं. उठा. बांध सोडा, लिंबाखाली आडोसा घेऊ नका, झाडाला बांधलेले बैल सोडा, पक्क्या घरात जा. दरवर्षी याच दिवसांत वावरातली माणसं झाडाखाली उभी राहतात आणि वीज पडून जातात. जाता जाता शेजारच्या वावरात कोणी राहिलं आहे का बघा. असेल तर मोठ्यानं हाक मारा, आणि ते येईपर्यंत मारत राहा.