दान कीं देणें?

कोळसा व तेल जाळणें हळूहळू सोडून सूर्य व वारा ह्यांपासून वीज करावी, आणि ह्या कामीं श्रीमंत राष्ट्रांनीं गरीब राष्ट्रांस द्रव्य व विद्या ह्यांचें साहाय्य करावें, असें आज सर्व जगांत बोललें जात आहे. हें साहाय्य दान समजावयाचें कीं देणें? हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. दाता वाटेल तेव्हां हात आंखडतो व त्यास कोणी जाब विचारीत नाहीं; देणेकऱ्यास तशी मोकळीक नाहीं.

ह्या प्रकरणाशीं आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. मूर्तिजापुराहून यवतमाळास येणारी शकुंतला नांवाची लहान आगगाडी वडील मंडळीस स्मरत असेलच. इंग्रजी अमदानींत एका विलायती कंपनीनें तो मार्ग बांधला, तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठीं. तिचें वाफेचें एंजिन १९२१ सालीं मँचेस्टरांत तयार झालेलें होतें व तें १९९४ पर्यंत चाललें. कापूस मुंबई बंदरास जाई, तेथून कांहीं विलायतेस; आणि लँकेशायरच्या गिरण्यांत कोळशाच्या जोरावर त्याचें कापड होई. कापड विकलें गेलें, नफा वांटला गेला, त्या गिरण्याही बहुतेक बंद पडल्या. पण त्यांच्या धुराड्यांतून निघालेला वायु कोठें गेला? तो एकदां आकाशांत गेला म्हणजे त्याचा कांहीं भाग शेंकडों वर्षें तेथेंच राहतो व पृथ्वीची उष्णता धरून ठेवितो. कोळसा, तेल इत्यादि जाळून मनुष्यांनीं आजवर जितका असा वायु सोडला, त्यांतील सुमारें चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा शेंकडा चारांहून कमी. आणि पाऊसपाणी बिघडलें म्हणजे प्रथम कोण बुडतो? ज्याच्या शेतांत विहीर नाहीं तो.

कोणी म्हणेल, आजोबांनीं न जाणतां जें केलें त्याचा भार नातवावर कां? पण नातू वाड्यांत राहत आहे ना! वाडा वारशानें घेतला तर त्यावरचें गहाणही घ्यावें लागतें, हें कोणत्याही गांवचा पंच सांगेल. १९९२ च्या हवामान-करारांत सर्व राष्ट्रांनीं हें तत्त्व मान्य केलें आहे, कीं जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे.

मान्य करणें निराळें व फेडणें निराळें. २००९ सालीं कोपनहेगन येथें श्रीमंत राष्ट्रांनीं वचन दिलें कीं २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करूं. त्यांच्याच हिशेबाप्रमाणें तो आंकडा २०२२ सालीं गांठला गेला, आणि त्यांतील पुष्कळ रक्कम कर्जाऊ होती. दक्षिण आफ्रिकेस कोळसा सोडण्याच्या कामीं २०२१ सालीं ज्यांनीं मिळून ८.५ अब्ज डॉलरांचें अभिवचन दिलें, त्यांपैकीं अमेरिका २०२५ सालीं उठून गेली. जो आपणांस दाता समजतो तो असाच उठतो.

आपल्या राज्यांत धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें १२५ मेगावॅटचें सौर विद्युत्केंद्र २०१३ पासून चालू आहे. त्यास जर्मनीच्या केएफडब्ल्यू ह्या सरकारी बँकेनें पैसा पुरविला, तोही कर्जाऊच. कर्ज म्हणजे काय, हें यवतमाळच्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. आकाशाचा जो ऋणको, त्यानेंच धनकोस कर्ज द्यावें, हा व्यवहार मला उलटा वाटतो. तथापि तें केंद्र उभें आहे, तेथें कोळसा जळत नाहीं, आणि हलक्या व्याजाचें कर्ज सावकारी कर्जाहून बरें, एवढें कबूल केलें पाहिजे.

ह्याहून मला सावडीचा मार्ग अधिक आवडतो. शेतीच्या हंगामांत शेजारी जसे एकमेकांच्या शेतांत पाळीपाळीनें राबतात, तसें सूर्यप्रकाशानें संपन्न अशा राष्ट्रांनीं एकत्र यावें म्हणून भारत व फ्रान्स ह्यांनीं २०१५ सालीं पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय सौर संघटन काढलें. त्याची कचेरी आपल्याच देशांत, गुरुग्राम येथें आहे.

परंतु बाहेर देणें मागणाऱ्यानें घरचें देणेंही पाहावें. वणीच्या परिसरांत वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या खाणी आहेत. अशा खाणींच्या कोळशानें दूरचीं शहरें उजळतात. धूळ मात्र वणीकडच्या रस्त्यांवर व रस्त्यालगतच्या कापसावर बसते. ग्लासगोच्या २०२१ च्या परिषदेंत कोळसा बंद करण्याऐवजीं कमी करावा, असा शब्द घालण्यास भारतानें लाविलें व त्याबद्दल पुष्कळ दोष घेतला. तो दोष सर्वस्वी अन्यायाचा नव्हता. पण बंदीचा ठराव करणारांपैकीं कितीजणांनीं खाणकामगाराचें घर पाहिलें असेल?

हा कोळसा आज ना उद्यां थांबेल. सौर केंद्र उभारून झालें म्हणजे तेथें फार थोडे हात लागतात; म्हणून ट्रकवाला, रोजंदारीचा मजूर, ज्याची जमीन खाणींत गेली तो कुणबी किंवा कोलाम, ह्या सर्वांस तेथें काम मिळेल असें समजूं नये. खड्डे बुजवून जमीन परत देणें, मुलांस दुसरा धंदा शिकविणें, वृद्धांच्या पोटाची तजवीज करणें, ह्या गोष्टी खाण चालू आहे तोंवरच लिहून घेतल्या पाहिजेत. बंद खाणीच्या फाटकावर दाद घेण्यास कोणी उभें नसतें.