पुसलेली नळी आणि चौथे शील



वर्षावास सुरू झाला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी रविवारी संध्याकाळी सगळे एकत्र बसतात आणि ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. पंचशील तर आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. पण शील म्हणणे वेगळे आणि ते कसोटीला लागणे वेगळे. माझ्या चौथ्या शीलाची कसोटी मँचेस्टरमधल्या आमच्या घरासमोर, एका जुन्या मोटरहोमचे बॉनेट उघडून उभा असताना लागली. त्यात मी आधी नापास होत होतो, म्हणूनच हे आपल्याला सांगावेसे वाटते.

आमची मोटरहोम 1990च्या दशकातली. आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय, म्हणून मुलांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टला जायचे, किंवा 14 एप्रिलच्या सुमारास लंडनला जाऊन बाबासाहेब 1921-22 मध्ये जिथे राहिले त्या किंग हेन्रीज रोडवरच्या घराला वंदन करायचे, या विचाराने ती एका गृहस्थाकडून घेतली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ग्लॉसपहून स्नेक पासने शेफिल्डकडे जाताना वळणांवर बॉनेटमधून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. मागे मुले बसलेली. कशीबशी गाडी कडेला घेतली. खाली तेलाचा लाल डाग पसरत होता. पॉवर स्टिअरिंगच्या नळीला कोणीतरी टेप गुंडाळून वर जुबिली क्लिप आवळली होती. गाडी विकताना याबद्दल चकार शब्द नव्हता. त्या गृहस्थाला मी मनातल्या मनात काय काय म्हटले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आपल्या कार्यक्रमांना नेहमी येणारे एक काका पूर्वी नागपूरजवळ हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत कामाला होते. त्यांनी ती नळी पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, हे नळी जोडाची नसते, बदलाची असते.” मग त्यांनी कारण समजावले. या व्यवस्थेत दोन नळ्या असतात. पंपाकडून स्टिअरिंगकडे तेल नेणारी दाबाची नळी, आणि तेल टाकीत परत आणणारी परतीची नळी. परतीच्या नळीत दाब कमी असतो, तिला क्लिप चालते. दाबाच्या नळीत मात्र चाके पूर्ण वळवताना दाब शंभर बारच्या आसपास जाऊ शकतो. टायरमधली हवा दोन-तीन बारची असते, यावरून अंदाज करा. म्हणून तिची टोके यंत्राने दाबून बसवलेली असतात. तिथे टेप आणि क्लिप म्हणजे डोळ्यांना दिलासा, नळीला नव्हे. ती फुटली तर स्टिअरिंग एकदम जड होते, आणि उडालेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आगही लागू शकते. मोटरहोम महिनोन्‌महिने उभी असते, तेवढ्यात रबर कडक होऊन तडकते आणि लोखंडी टोके गंजतात. गळती शोधायला चालू इंजिनात हात घालू नये, पुठ्ठा धरावा, कारण बारीक छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीत घुसू शकते. हेही काकांनीच बजावले. जुनी नळी नमुना म्हणून हायड्रॉलिक नळ्यांच्या दुकानात नेली, तशीच नवी करून घेतली आणि बसवली.

दोन वर्षांनी गाडी विकायला काढली. एमओटी दोनच महिन्यांपूर्वी कोणत्याही शेऱ्याशिवाय पास झालेली. शनिवारी एक तरुण जोडपे तान्ह्या बाळाला घेऊन गाडी पाहायला येणार होते. शुक्रवारी संध्याकाळी बॉनेट उघडले तर आता परतीची नळी टाकीपाशी ओली दिसली, आणि दाबाच्या नळीला पुढे जोडलेला मूळचा लोखंडी पाइप गंजून सोलवटला होता. मी फडके घेतले आणि सगळे स्वच्छ पुसून काढले. फडके लाल झाले, तेव्हा स्नेक पासवरचा डाग आठवला. दोन वर्षांपूर्वी माझ्यासाठी हेच काम कोणीतरी केले होते.

तरीही मन लगेच वळले नाही. त्याने वकिली सुरू केली. एमओटी पास आहे. खोटे तर मी काहीच बोललो नाही. विचारले तर सांगेन. जुनी गाडी घेणाऱ्याने स्वतः तपासून घ्यावी, इथला कायदाही खासगी विक्रीत बहुधा तेच मानतो. आणि मला तरी कोणी सांगितले होते?

आता आपण ही वकिली धम्माच्या कसोटीवर घासून पाहू.

पहिला मुद्दा, “मी बोललोच नाही.” पाली अट्ठकथांमध्ये मुसावाद घडण्यासाठी चार अंगे सांगितली आहेत : गोष्ट असत्य असणे, फसवण्याचा हेतू असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि समोरच्याला ती तशीच समजणे. यातला प्रयत्न वाणीनेच व्हावा असे नाही. तो शरीरानेही होतो, हे तिथे स्पष्ट केले आहे. म्हणजे “गळत नाही” असे मी तोंडाने म्हटले काय आणि नळी पुसून ठेवली काय, फरक उरत नाही. ते खोटे मी फडक्याने बोलत होतो.

दुसरा मुद्दा, “एमओटी पास आहे.” बाबासाहेबांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांतला भेद मांडला. नियम आपल्याला काय करायचे ते सांगतो आणि माणूस ते यंत्रासारखे करतो. तत्त्व मात्र विचार करायला लावते, म्हणून कृतीची जबाबदारीही आपल्यावर टाकते. धर्म तत्त्वांचा असावा, नियमांचा नसावा, हा त्यांचा आग्रह होता. एमओटी हा नियम आहे, आणि चांगला नियम आहे. पण ते प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशी गाडी कशी होती एवढेच सांगते. त्यानंतर मला जे दिसले, ते कागदाला माहीत नव्हते. नियम पाळल्याचा कागद दाखवून तत्त्वापासून सुटका करून घ्यायची, ही खोड आपल्याला नवी नाही. आपल्या वाडवडिलांना तिने किती छळले ते आपण जाणतो. ती आपल्याच अंगात शिरलेली दिसली तर तिला ओळखता आले पाहिजे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. समजा, मी त्या जोडप्याला सगळे सांगितले, किंमत कमी केली आणि ते म्हणाले, “चालेल, आम्ही नंतर बदलून घेऊ.” मग मी मोकळा झालो का? माझे शील कदाचित वाचले, कारण मी फसवले नाही. पण गाडी घेऊन ते घरी जाणार त्याच रस्त्याने, जिथे समोरून सायकलवाला येतो, कडेने कोणी शाळेतून मुलांना आणते. सवलत त्या दोघांना मिळाली. धोका मात्र या सगळ्यांच्या वाट्याला, आणि त्यांना कोणी विचारले नाही. मागच्या सीटवरच्या बाळालाही नाही. दोन माणसांचा संबंध आला की तिथे धम्म लागतोच, असे बाबासाहेब आपल्या ग्रंथात समजावतात. रस्त्यावर तर आपला संबंध शेकडो अनोळखी माणसांशी येतो. म्हणून जिथे धोका तिसऱ्याच्या जिवाला आहे, तिथे नुसते सांगणे पुरत नाही, दुरुस्ती आधी आणि विक्री नंतर. असुरक्षित अवस्थेतली गाडी रस्त्यावर वापरासाठी विकणे हा इथे गुन्हाही आहे. पण ती भीती नसती तरी उत्तर हेच राहिले असते.

मी त्या जोडप्याला फोन करून एक आठवडा मागून घेतला. काकांना बोलावले. पाइप आणि परतीची नळी दोन्ही बदलली, ठरलेले तेल भरले, पुढची चाके उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत हवा काढली. जुने तेल गटारात न ओतता कौन्सिलच्या केंद्रावर दिले, कारण पहिले शील पाण्यातल्या जिवांनाही लागू आहे. पुढच्या शनिवारी त्यांना बिल दाखवले, जुना पाइप दाखवला, आणि छताच्या कोपऱ्यातली ओल त्यांनी न विचारता दाखवली. ओलीसाठी त्यांनी किंमत बरीच पाडून मागितली आणि मी दिली. सत्य बोलल्याने माझा फायदा झाला, असे मी सांगणार नाही. नुकसानच झाले. शील पाळल्याचा मोबदला त्याच व्यवहारात मिळेल, अशी हमी तथागतांनी कुठे दिलेली नाही.

तथागतांनी राहुलाला दिलेला उपदेश आपण जाणतो : कोणतेही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहा, यातून स्वतःला किंवा इतरांना दुःख होणार आहे का. असत्याविषयीचा हा राहुलोवाद भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावा, असे सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात कोरून ठेवले. राज्य चालवणाऱ्यालाही तो इतका मोलाचा वाटला.

आपल्या प्रत्येकाकडे अशी एखादी पुसलेली नळी असते. भाड्याने द्यायच्या घरातली रंगाखाली झाकलेली ओल, वॉर्डात शिफ्ट बदलताना न सांगितलेली चूक, प्रोजेक्ट सोपवताना लपवलेली त्रुटी. कागदावर सगळे पास असते. या रविवारी वाचनानंतर घरच्यांसोबत एकच प्रश्न घेऊन बसू या : मला माहीत आहे, समोरच्याला माहीत नाही, आणि त्याचा त्रास तिसऱ्याला होऊ शकतो, असे सध्या माझ्याकडे काय आहे? उत्तर सापडले, तर फडके बाजूला ठेवा आणि पाना हातात घ्या.

सर्वांचे मंगल होवो.
नमो बुद्धाय! जयभीम!