पहिले पाच फूट

कॅलिफोर्नियात घराभोवतीच्या शंभर फुटांतले वाळलेले गवत काढा, झाडांच्या खालच्या फांद्या छाटा, असे सांगणारा कायदा जुना आहे. लोकांनी तो कुरकुरत का होईना, पचवला आहे. भांडण पेटले ते भिंतीला लागून असलेल्या पहिल्या पाच फुटांवरून. या पट्ट्याला तिथे ‘झोन झिरो’ म्हणतात. त्यात पेट घेईल असे काहीही नको, असे तत्त्व 2020च्या कायद्याने मान्य केले आणि तपशीलवार नियम करायला राज्याच्या वनमंडळाला 1 जानेवारी 2023पर्यंतची मुदत दिली. मुदत उलटून गेली. जानेवारी 2025मध्ये पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या 16 हजारांहून अधिक इमारती गिळल्या, तेव्हाही ते नियम कागदावर पक्के झालेले नव्हते. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांना, वर्षाअखेरीपर्यंत काम संपवा, असा आदेश काढावा लागला.

शंभर फुटांना हो म्हणणारा माणूस पाच फुटांवर का अडतो? कारण तिथे त्याचा संसार असतो. खिडकीखालचा गुलाब, भिंतीवर चढवलेली वेल, दाराशी काथ्याचे पायपुसणे. दूरचे गवत रान असते. खिडकीखालची झुडपे ही मालकाची हौस असते, आणि हौसेत सरकारने नाक खुपसलेले कोणालाच खपत नाही.

पण आगीचे गणित नेमके याच पट्ट्यात सुटते. अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात मुद्दाम आगी लावून पाहिल्या. झाडांचे शेंडे पेटलेल्या आगीसमोर त्यांनी लाकडी भिंती उभ्या केल्या. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, वीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे ज्वाळांची भिंत चालत येऊन घर खाते, हे आपल्या डोळ्यांसमोरचे चित्र बहुतेक वेळा खोटे असते. घर पेटते ते वाऱ्यावर उडून आलेल्या निखाऱ्याने. तो पन्हळीत साचलेल्या पाचोळ्यात पडतो, भिंतीलगत पसरलेल्या लाकडी भुशात धुमसतो, वळचणीच्या झरोक्यातून माळ्यावर शिरतो. बाहेरून सगळे ठीक दिसत असताना आत छप्पर पेटलेले असते. म्हणूनच वणवा लागू शकणाऱ्या भागांतल्या नव्या घरांच्या झरोक्यांना एक अष्टमांश इंचाहून मोठी भोके नसलेली धातूची जाळी सक्तीची झाली.

अशा नियमांनी फरक पडतो का? पडतो. 8 नोव्हेंबर 2018ला पॅरडाइज हे गाव जळाले, 85 माणसे गेली. कडक बांधकाम नियम 2008पासून लागू होते. वृत्तपत्रांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा, आगीच्या वाटेवरच्या 2008नंतरच्या घरांपैकी साधारण निम्मी धक्का न लागता उभी राहिलेली आढळली; त्याआधीच्या घरांत हे प्रमाण 18 टक्के होते.

त्या हिशेबात दुसरी बाजूही आहे. नियम पाळून बांधलेल्या साधारण निम्म्या घरांनाही धक्का लागलाच. ईटनच्या आगीत जळालेल्या अल्टाडेनासारख्या वस्तीत घरे एकमेकांना खेटून आहेत. तिथे तुमच्या घराला सर्वांत मोठा धोका जंगलाचा नसतो, शेजारच्या घराचा असतो. जळते घर तासन्‌तास धग फेकत राहते. कोकणातला आंबा-काजूचा बागाईतदार हे जाणतो: बांधापर्यंत गवत काढले, आणि पलीकडच्याने काढले नाही, तर वणवा बांध विचारत नाही. कॅलिफोर्नियाचा नियम मात्र प्रत्येक मालकाला सुटे धरतो. तपासणी घरागणिक, नोटीस घरागणिक. 1 जुलै 2021पासून जास्त धोक्याच्या भागात घर विकताना आवार नियमानुसार असल्याचा दाखला द्यावा लागतो, तोही एकेका घराचा. गल्ली म्हणून कोणी कोणाला जबाबदार नाही.

माझे मत स्पष्ट आहे. सक्ती हवी, पण ती गल्लीवर हवी, आणि तिच्यासोबत पैसेही हवेत. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धेला जाळ्या बदल, कुंपणाचा घराला टेकलेला भाग काढून धातूचा बसव, असे नुसते लिहून पाठवणे म्हणजे दंडाची तयारी करणे आहे. हिरवी, पाणी घातलेली झाडे सावली देतात, ती सरसकट का तोडायची, हा वृक्षप्रेमींचा सवालही उडवून लावण्यासारखा नाही. पाचोळा न गाळणारे उंच झाड आणि खिडकीखालचे तेलकट जुनिपर यांना एकाच मापाने मोजू नये. पण या वादात वर्षे घालवण्याची चैन आता परवडणारी नाही. बर्कलेने राज्याची वाट पाहिली नाही. 1923च्या आगीत सुमारे सहाशे इमारती गमावलेल्या या शहराने आपल्या टेकड्यांवरच्या सर्वांत धोक्याच्या भागासाठी 2025मध्ये स्वतःचा पाच फुटांचा नियम केला. राज्य जिथे चाचपडते, तिथे विमा कंपन्या मात्र ठाम असतात: 2024मध्ये एकट्या स्टेट फार्मने त्या राज्यातल्या 72 हजार पॉलिसींचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले. सरकारी नोटिशीवर अपील करता येते. विमा कंपनीच्या पत्रापुढे घरमालकाचे फारसे काही चालत नाही.

बे एरियाच्या टेकड्यांवर मराठी घरे पुष्कळ आहेत. अनेकांची भारतवारी मुलांच्या उन्हाळी सुट्टीत होते, आणि परतेपर्यंत दाराशेजारची तुळस वाळून कोळ झालेली असते, पन्हळी भरलेल्या असतात. कोरड्या वाऱ्यांचे दिवस त्यानंतर लगेच येतात. तेव्हा बॅगा उघडण्याआधी घराला एक फेरी मारा. पन्हळी साफ करा, वाळलेल्या कुंड्या भिंतीपासून दूर न्या, झरोक्याची जाळी फाटली आहे का ते पाहा. आणि मग शेजाऱ्याचे दार वाजवा.